मूठभर गाळ

कोल्हापुरात माणूस एकटा कुठे जातो? दवाखान्यात, कोर्टात, नाहीतर रुसून. बाकी सगळीकडे गाडी भरून जायचं असतं. त्यामुळे दिवाळीच्या सुट्टीत रात्रीच्या जेवणाला मी म्हटलं, "मी मालवणला जाणार हाय, समुद्राच्या तळाला, एकटी," तेव्हा नवऱ्याने हातातला घास ताटात ठेवला आणि विचारलं, "आमचं काय चुकलं?"

मी समजावून सांगितलं. त्याला स्कूबा म्हणतात. पाठीला हवेचं सिलेंडर बांधतात, तोंडात नळी देतात, शिकवणारा माणूस सोबत असतो, पोहता येत नसलं तरी चालतं. सासूबाई शांतपणे ऐकत होत्या. त्यांचं माहेर कुरुंदवाड. नदीकाठचं गाव, पावसाळ्यात पूर कुठवर आला हे तिथे घराच्या पायऱ्यांवरून सांगतात. त्या म्हणाल्या, "आमच्याकडं पाणी न बोलवता घरात येतंय. आणि हिला भाडं खर्चून पाण्यात जायचं हाय."

मी शाळेत भूगोल शिकवते. दरवर्षी फळ्यावर समुद्रतळ काढते. आधी उथळ भाग, मग उतार, मग मैदान, मग खोल गर्ता. एवढी वर्षं जे खडूने काढलं ते एकदा डोळ्यांनी बघायचंय, असं मी घरात सांगितलं आणि ते सगळ्यांना पटल्यासारखं झालं. पण ते काही खरं कारण नव्हतं. खरं कारण माझ्या माहेरच्या, कोडोलीच्या मळ्यातली विहीर.

लहानपणी उन्हाळाभर आम्ही भावंडं त्या विहिरीत असायचो. पाठीला पत्र्याचा हवाबंद डबा बांधायचा आणि वरून ढकलून द्यायचं, ही तिथली पोहण्याची शिकवणी. हात-पाय चालायला लागले की डबा सुटायचा. डबा सुटला की पुढची परीक्षा, तळ गाठायचा. आणि तळ गाठला हे नुसतं सांगून भागायचं नाही. बुडी मारून खालचा मूठभर गाळ वर आणून दाखवावा लागायचा. माझा थोरला भाऊ, दादा, दर उन्हाळ्यात गाळ आणायचा. काळी मूठ उंच धरून तो पायऱ्या चढायचा, आई त्याला तूप-गूळ लावलेली चपाती द्यायची आणि आम्ही बाकीचे आवंढे गिळत बघत बसायचो. माझा डबा पुढच्या उन्हाळ्यात सुटणार होता. त्याआधी मी वयात आले आणि मला विहीर बंद झाली. डबा सुटला तो थेट स्वयंपाकघरात गेला. आईने त्यात शेंगदाणे भरले.

मला त्या डब्याचा अजून राग येतो. विहीर पुढे बुजवली, आता तिथे दादाच्या ट्रॅक्टरची शेड आहे. म्हणजे तळ गाठायचाच तर मला दुसरीकडे कुठेतरी गाठावा लागणार होता. आणि एकटीनेच जायचं होतं, कारण घरच्यांबरोबर सहलीला गेल्यावर मी कोण असते ते मला पक्कं ठाऊक आहे. कुणाचा टॉवेल कुठल्या पिशवीत आहे हे जिला माहीत असतं, ती बाई.

बातमी कोडोलीला पोचायला वेळ लागला नाही. दुसऱ्याच दिवशी दादा दुधाची किटली घेऊन हजर. आमच्याकडे दूध येतं, हे त्याला माहीत आहे. पण बहिणीला शहाणपण शिकवायला रिकाम्या हाताने येणं त्याला बरं दिसत नाही.

"एकटी कशी जातीस? मी येतो की," तो म्हणाला. "तळ गाठलेला माणूस पायजे न्हवं संगं."

दादा येणार म्हटल्यावर वहिनी आल्या. वहिनी आल्या म्हटल्यावर नवरा म्हणाला, मग मी काय घरात बसू? सासूबाई म्हणाल्या, मला गाडी लागत न्हाय. रविवारपर्यंत बोलेरोत माणसं मावेनात म्हणून ट्रॅव्हलरची चौकशी सुरू झाली होती. समुद्रात कुठे उतरायचं हे कुणी विचारलं नाही. मटण इथूनच नेऊन वाटेत गगनबावड्यात शिजवायचं की मालवणात खोलीवर, यावर मात्र जोरात वाद झाला. कोकणात भाजीतही नारळ आणि आमटीतही नारळ, तेव्हा आपली चटणी बरोबर असलेली बरी, यावर सगळ्यांचं एकमत होतं. समुद्राकाठी जाऊन मटण मागणारी जगात आमचीच जमात असावी.

मी दोन दिवस हे सगळं ऐकून घेतलं. मग सगळे जमलेले असताना सांगून टाकलं, "या की सगळी. पण जो येईल त्यानं पाण्यात उतरायचं. मी उतरणार तिथंच, तेवढंच खोल."

नवऱ्याला आपली कंबर आठवली. वहिनींना आठवलं की खाऱ्या पाण्याने केस जातात. सासूबाई म्हणाल्या, माझी कवळी कुठं शोधत बसणार? राहिला दादा. सगळे त्याच्याकडे बघायला लागले. त्याने टोपी काढली, परत घातली.

"मी तर उतरलोच असतो," तो म्हणाला, "पण गाय गाभण हाय, येणार हाय. आजउद्याकडंच."

मला वाईट वाटायला हवं होतं. मला उकळ्या फुटत होत्या.

तेवढ्यात सासूबाईंनी मुद्दा काढला. "एकटी जाणार. खाली गेली का काठावर बसून भजी खाऊन आली, आमाला कसं कळायचं?"

नवरा म्हणाला, "व्हिडिओ काढून देत्यात त्यात."

"व्हिडिओ काय, कुणाचा बी असतोय."

मग दादाने निकाल दिला. "मूठभर गाळ आण तळाचा. आमच्यात तोच नियम."

मी कबूल केलं. इतका वेळ ही नुसती सहल होती, आता तिची परीक्षा झाली. आणि ही परीक्षा मला पाहिजेच होती.

तयारीचा गुरूही दादाच झाला. गाय काही येईना, त्यामुळे त्याला वेळ होता. त्याची शिकवण दोन वाक्यांची. "श्वास धरून ठेवायचा, सगळा खेळ त्याचाच हाय. आणि कानाबिनाला काय होत न्हाय, लोक उगंच भ्या घालत्यात." मी न्हाणीघरात बादलीत तोंड घालून श्वास धरायचा सराव करायला लागले. बाहेरून नवरा दार वाजवायचा, "हायेस काय?" उत्तर द्यायला तोंड वर काढावं लागायचं, की सराव पहिल्यापासून.

मग मालवणच्या स्कूबावाल्याला फोन लावला. त्याने विचारलं, "किती?"

"एक."

"एक गाडी का?"

"एक बाई."

तो म्हणाला, "कोल्हापूरच्या ना तुम्ही?" त्याचाही विश्वास बसत नव्हता. सकाळी पोट भरून खाऊन येऊ नका, एवढं सांगून त्याने फोन ठेवला. हे दादाला कळल्यावर तो हळहळला. उपाशी पोटी माणूस पाण्यात उतरतो, ही कल्पनाच त्याला सहन झाली नाही.

निघायच्या दिवशी स्टँडवर मला सोडायला ट्रॅव्हलरभर माणसं आली. चटणीची बरणी, धपाटी, जादा टॉवेल, देवाचा अंगारा. एसटी सुटायच्या वेळी नवरा खिडकीशी येऊन म्हणाला, "जपून." एवढंच. मला एकदम त्याला चढ म्हणावंसं वाटलं. पण कंडक्टरने बेल मारली आणि ती बुद्धी तिथेच राहिली.

गगनबावड्याला धुकं इतकं की घाट दिसलाच नाही, नुसती वळणं पोटात कळत होती. मालवणात लॉजवाल्याने चावी हातात घट्ट धरून विचारलं, "बाकीचे मागून येतायत का?" मी हो म्हणाले. खरं सांगत बसण्यापेक्षा ते सोपं होतं. जेवायला मासे मागवले आणि बरणी उघडलीच नाही. घरी हे कुणाला सांगितलेलं नाही.

सकाळी होडीत मला शिकवणारा माणूस भेटला. उन्हाने रापलेला, कमी बोलणारा, आणि जे बोलेल ते रोज शंभर वेळा बोलून कंटाळल्यासारखं बोलणारा. आधी तो रबरी पोशाख. त्यात मला भरायला होडीतल्या दोन बायका लागल्या. मग पाठीला सिलेंडर बांधलं आणि मला हसू आलं. एवढी वर्षं गेली आणि पुन्हा पाठीला डबाच. तो डबा बुडू द्यायचा नाही, हा खाली न्यायला होता.

"ताई, एकच नियम," तो म्हणाला. "श्वास कधीच धरून ठेवायचा नाही. घेत राहायचा, सोडत राहायचा."

मी मान हलवली, पाण्यात उतरले आणि पहिली गोष्ट केली ती म्हणजे गच्च श्वास धरला. बादलीत मुरलेली सवय. त्याने मला कॉलरला धरून वर काढलं, तोंडातली नळी काढायला लावली आणि विचारलं, "कुणी शिकवलं हे?"

"भावानं," मी म्हटलं. "तळ गाठलेला माणूस हाय."

"त्याला सांगा, मासेसुद्धा श्वास घेतात."

दुसऱ्यांदा जमलं. आपलाच श्वास कानात घुमत होता. डोक्यावरचं पाणी हिरवं होत गेलं. आणि थोडं खाली गेल्यावर कानांत कुणीतरी दाभण खुपसल्यासारखं झालं. मी कानाकडे बोट दाखवलं. त्याने खुणेने शिकवलं, नाक चिमटीत धरायचं आणि आतून जोर लावायचा. टक् झालं आणि कळ गेली. थोडं आणखी खाली, पुन्हा कळ, पुन्हा टक्. माझ्या डोक्यात दादाच घोळत होता. आमची विहीर चांगली खोल होती. पाटाचं पाणी येवो न येवो, ती कधी आटली नाही. एवढ्या खोल बुडी मारणाऱ्या दादाच्या कानाला काही कसं झालं नाही? त्याचे कान कशाचे केलेत? पण पाण्याखाली जास्त विचार करता येत नाही. पिवळ्या पट्ट्यांचे मासे इतके जवळून जात होते की त्यांना वाट द्यावीशी वाटत होती.

मग पायाला तळ लागला.

मला वाटलं होतं काहीतरी मोठं वाटेल. मला रडू आलं. चष्म्याच्या आत रडणं फार गैरसोयीचं असतं, डोळे पुसता येत नाहीत. तळावर एका बाजूला खडक आणि प्रवाळ, तिथे हात लावायचा नाही हे बजावलेलं होतं. पण माझ्या पायाखाली नुसती वाळू होती. मी वाकले आणि मूठ भरली. वाळूचा ढग उठला, मासे पांगले, शिकवणाऱ्याने माझ्या नाकासमोर बोट नाचवलं. मी मूठ आणखी घट्ट केली.

वर आल्यावर होडीची शिडी मी एका हाताने चढले. तो वैतागून म्हणाला, "ताई, वाळू किनाऱ्यावर भरपूर पडलीय."

"ती वरची हाय," मी म्हटलं.

ओढणीच्या टोकात वाळू घालून मी गाठ मारली. होडीत एक मोठा गट होता, एकमेकांचे फोटो काढत होता. माझी मूठ बघायला कुणी नव्हतं. तेव्हा मला घरच्यांची आठवण आली, अगदी कवळीसकट.

कोल्हापुरात पोचले तेव्हा दादा आधीच येऊन बसला होता. गाय अजून व्यायची होती. नवऱ्याने मोबाईलवर व्हिडिओ बघितला. काळा पोशाख, तोंडभर चष्मा, नळी, बुडबुडे. तो म्हणाला, "ही तूच कशावरनं?" सासूबाई विजयी नजरेने बघत होत्या. मी ओढणीची गाठ सोडली आणि वाळू ताटलीत ओतली. सासूबाईंनी चिमूटभर उचलून जिभेवर ठेवली.

"खारट हाय," त्या म्हणाल्या. "गेलती ही."

त्या आणि नवरा चहाचं बघायला आत गेले. दादा ताटलीत बोट फिरवत बसला. मग हळूच म्हणाला, "खाली कसं वाटतंय गं? कान दुखत्यात व्हय?"

मी त्याच्याकडे बघितलं.

"तुला माहीत असंल की," मी म्हटलं. "दर उन्हाळ्यात जात हुतास."

त्याने टोपी काढली, परत घातली.

"विहिरीत निम्म्यावर एक कपार हुती," तो म्हणाला. "चिखल तिथंच मिळायचा."

"आणि तळ?"

"तळ कुणी बघितलाय?" तो वाळूकडे बघत म्हणाला. "मला लई भ्या वाटायचं खाली."

मला आधी भयंकर राग आला. कितीतरी उन्हाळे मी त्या पायऱ्यांवर बसून त्याच्या काळ्या मुठीकडे बघितलं होतं. मग त्या रागाच्या पाठोपाठ इतका आनंद झाला की समोर पन्नाशी उलटलेला माणूस मान खाली घालून बसलाय, हे बघूनही तो आवरेना.

"आईला सांगू नकोस," दादा म्हणाला.

मी काही कबूल केलं नाही. त्याला तेवढ्यासाठी आठवडाभर दूध आणू दे. तो गेल्यावर मी कोडोलीला आईला फोन लावला आणि म्हटलं, "आई, रविवारी येणार हाय मी. माझी तूप-गुळाची चपाती राहिलीया."

"कसली गं?" आईने विचारलं.

"तळाची," मी म्हटलं.