पायरीवरची माही चप्पल

"माझी नको. तिच्या आईची आण. पायरीवर असेल बघ."

वर्गाच्या बाई असं बोलल्या. मी बाहीर शाळेच्या नळाजवळ बसली होती, मले सगळं आयकू आलं. एक पोरगी पळत आली, पायरीवरची माही चप्पल उचलली अन् आत घेऊन गेली. आत माह्या सुजूले मिरगी आली होती. माही लेक फरशीवर तडफडून रायली होती, अन् बाई तिच्या नाकावर माहीच चप्पल दाबून म्हनत होत्या, "हुंग. हुंग."

सगळा वर्ग हासला.

मी दारात गेली. पायात काही नाई. झटका थांबला, सुजूनं डोये उघडले, मले पाह्यलं अन् म्हने, "आई, माह्या तोंडाले काहाचा वास येऊन रायला?"

मी म्हनलं, "काही नाई, बेटा."

नळाखाली चप्पल धुतली. तशीच वली पायात घातली अन् तिले खांद्यावर टाकून घरी आनलं.

मी नळाजवळ रोज काहून बसो, तेही सांगतो. अकोल्याच्या मोठ्या दवाखान्यातले डॉक्टर म्हनले, दुपारची गोळी चुकली नाई पाह्यजे. मी शाळेत हेडसरायले सांगतलं. ते म्हनले, "ही शाळा आहे, दवाखाना नाही. काही झालं तर जबाबदारी कोणाची? तुमच्या लोकांना सगळंच बसल्या जागी पाहिजे." तुमच्या लोकायले. आमच्या घरात बाबासाहेबांचा फोटो हाये, ते त्यायले बराबर माहीत हाये. मंग मी अंजनगावातल्या मजुरीवर पानी सोडलं अन् पदराच्या गाठीत गोळी बांधून नळाजवळ बसू लागली.

अकोल्याचे डॉक्टर म्हनत, शाळेले सांगा, झटका आला तर पोरीले कुशीवर वळवा, तोंडात काही कोंबू नोका, चप्पल नोको, कांदा नोको. शाळेवाले म्हनत, डॉक्टर आम्हाले येऊन सांगतीन तर आमी आयकू. डॉक्टर हासले, "मी अंजनगावले येऊ का आता?" दर्यापूरवरून यष्टी बदलत जाचं, इकडचा निरोप तिकडे न्याचा, तिकडचा इकडे आनाचा. अन् माह्या तोंडचं आयकते कोन?

भेव म्हनजे काय, ते मले इचारा. वर्गात बाक सरकला तरी मी उठून उभी राहो. सुजू पडली अन् डोकं आपटलं तर? कोनी तोंडात चमचा कोंबला तर? अन् याहून मोठं भेव, तिले घरी बसवलं तर? दाराले कडी लावून आमी कामाले जाऊ अन् माही लेक आत एकटीच पडन. तिले तं वाचाचा लय नाद. दुकानाच्या पाट्याही मोठ्यानं वाचते.

एक दिवस हेडसरायनं मले बलावलं. "उद्या मुलांच्या आरोग्य तपासणीची गाडी येणार आहे. डॉक्टर येतील. तुमच्या मुलीला घरीच ठेवा. उगाच त्यांच्यासमोर झटका आला तर गोंधळ."

मी म्हनलं, "हो, सर."

फाटकापाशी आली अन् पाय थांबले. अवं माय! डॉक्टर येऊन रायले म्हून बिमार लेकराले घरी ठेवाचं? मागच्या बारीलेही असंच झालं होतं. सुजू घरी. आयकू न येनारा कुंभाराचा गणू घरी. पाय ओढत चालनारी नसीमा घरी. गाडी आली, धडधाकट पोट्ट्यायचे दात पाह्यले अन् गेली. शाळेत आजारी कोनीच नाई.

माहा नवरा म्हने, "नोको जाऊ. पोरीचं नाव काढून टाकतीन. आपन कोनाले सांगनार?" त्याचं खोटं नोतं. मलेही तेच वाटत होतं.

सकाळी तरी मी सुजूच्या दोन वेन्या घातल्या, लाल फिती बांधल्या. शाळेच्या फाटकात हेडसरच उभे. "तुम्हाला काय सांगितलं होतं?" खरं सांगतो, मी मागं वळली होती. पन सुजूनं हात वढला. "चाल ना आई, उशीर होऊन रायला."

वऱ्हांड्यात गाडीच्या डॉक्टरबाई बसल्या होत्या. मी सुजूले त्यायच्यासमोर उभं केलं.

"हे माही पोरगी. हिले मिरगी येते. दुपारची गोळी इथं कोनी देत नाई. झटका आला का चप्पल हुंगवतात."

वर्गाच्या बाई म्हनल्या, "अहो, सगळेच तसं करतात."

डॉक्टरबाईनं हेडसरायकडं पाह्यलं. "सर, ही मुलगी मागच्या वेळी का दाखवली नाही?"

"घरचेच आणत नाहीत मॅडम."

ते आयकून माहं डोकंच फिरलं. "मी आनली! हे काय, उभी हाये!"

डॉक्टरबाई मले समजावून सांगू लागल्या, कुशीवर कसं वळवाचं ते. मी म्हनलं, "बाई, मले नोका सांगू. मले माहीत हाये. सरायले सांगा. ह्या बाईले सांगा. माह्यासमोर सांगा. अन् अकोल्याच्या डॉक्टरले तुमीच फोन लावा. मी आता कोनाचाच निरोप नेनार नाई."

त्यायनं फोन लावला. सर मान हालवत रायले. सुजूच्या गोळ्याची डबी वर्गाच्या बाईच्या टेबलात गेली.

गाडी फाटकाबाहीर गेली तसे सर माह्याजवळ आले अन् हळूच म्हनले, "गाडी तर गेली. आता?"

त्या रात्री मी जेवली नाई. पोरीचं काय करतीन, डबी उघडतीन का नाई, आजही मले भेवच लागते. गेलं नाई ते.

दुसऱ्या दिवशी मी गणूच्या मायच्या घरी गेली. मंग नसीमाच्या अम्मीकडं. दोघीही भ्याल्या. मी म्हनलं, मीही भेतो, भेतभेत चला. पुढच्या बारीले गाडी येईन तवा तीनही लेकरं वऱ्हांड्यात उभी रायतीन. कोनी घरी ठेव म्हनलं तं आमी तिघी फाटकात बसू.

अन् मी अजूनही शाळेत जातो. डबी उघडली का नाई, ते पाह्याले. वर्गाच्या दारापरेंत जातो, सगळ्यायच्या चपला पायरीवर असतात. माही पायातच असते. काढा म्हनतात. मी काढत नाई.