मंगलताईचा सिंगापूरचा फॉर्म

मंगलताईच्या फॉर्मवर खोटं मी लिहिलं होतं.

घरात सगळे म्हणतात, इन्फेक्शननं गेली. ते खरंच आहे. पण अर्धंच.

मंगलताई माझी आत्तेबहीण. साताऱ्यात सरकारी ऑफिसात टायपिस्ट. लहानपणी स्टोव्ह भडकला आणि मान उजव्या बाजूनं भाजली. कातडी आखडली ती कायमची. कुणी हाक मारली की अख्खी वळायची, नुसती मान वळायची नाही.

१९९७ साल. तिचा भाऊ दिलीप सिंगापूरला नोकरीला. "इथं प्लास्टिक सर्जरी चांगली होते, पाठवा तिला," असा त्याचा फोन आला.

मी तेव्हा सांगलीत इन्शुरन्स एजंट. कुपवाडच्या कारखान्यांत स्कूटरवरून पॉलिसी विकत हिंडायचो. जीभ तर अशी, की समोरच्याला बोलूच द्यायचो नाही.

आत्या आणि ताई परदेश प्रवासाचा इन्शुरन्स काढायला एसटीनं माझ्याकडं आल्या. साताऱ्यात एजंट नव्हते असं नाही. पण लग्नाच्या पोरीचं ऑपरेशन आमच्याकडं आधी कुणाला सांगत नाहीत. स्थळं बिचकतात. भावाकडं फिरायला चाललीय, असंच पाहुण्यारावळ्यांत सांगून झालं होतं.

आमच्या धंद्यात गिऱ्हाइकानं सही करायची, फॉर्म एजंटनं भरायचा.
ताई मात्र टायपिस्ट. इंग्रजी कागद वाचल्याशिवाय सोडायची नाही.

एका ओळीवर तिनं बोट ठेवलं. "उपचारासाठी जाताय का, असं विचारलंय रं हितं. हो लिहायला पायजे."

आत्या एकदम म्हणाली, "न्हाई म्हणून लिव. पोरीच्या आपरेशनचं नाव कागदावर नगं. कागद कुठंबी फिरतोय."

मला नियम माहीत होता. ठरवून ऑपरेशनला जाणाऱ्याला ती पॉलिसी चालत नव्हती. खरं लिहिलं असतं तर कंपनीनं तोंडावर नकार दिला असता. मग इन्शुरन्सशिवाय ताई विमानात बसलीच नसती.

पण आत्याचा शब्द कोण मोडणार? आणि मला वाटलं, एवढ्याशा ऑपरेशनला काय होतंय?

मी "नाही" लिहिलं.

ताई पेन धरून बसून राहिली.
"तिकडं काय इपरीत झालं तर? दिलीपचा नवा संसार हाय. त्याच्यावर भार नगं."

"इन्शुरन्स हाय की ताई! मी बसलोय न्हवं हितं!"

एवढ्यावर तिनं सही केली.

ऑपरेशन झालं. चौथ्या दिवशी जखम चिघळली. ताप उतरेना.

भर दुपारी माझ्या ऑफिसात दिलीपचा फोन. "अरे, इन्शुरन्सवाले म्हणतात ऑपरेशनसाठीच आली होती, मग फॉर्मवर 'नाही' असं का लिहिलं? हात वर केलेत त्यांनी. काय करू, सांग."

"बघतो," म्हणून मी फोन ठेवला.

डॉक्टर म्हणत होते, इतक्यात हलवू नका. हट्ट ताईनंच धरला. मला घरी न्या म्हणाली. भावाला खड्ड्यात घालून तिला तिथं पडून राहायचं नव्हतं.

अंगात ताप घेऊन ती विमानात बसली.

मोठे डॉक्टर म्हणून तिला सांगलीत आणलं. दवाखान्यात मला बघून तिनं विचारलं, "कागदाचं बघतोयस न्हवं?"
मी म्हणालो, "बघतोय."

तिसऱ्या दिवशी ती गेली.

पुढं कंपनीचं पत्र माझ्या पत्त्यावर आलं, इंग्रजीत. आत्यानं विचारलं, काय लिवलंय? मी म्हणालो, कंपनीनं फसवलं आपल्याला.

आत्यानं विश्वास ठेवला. पुढं आयुष्यभर कंपनीला शिव्या घातल्या. आणि भेटेल त्याला सांगायची, "माज्या भाच्यानं लय धावपळ केली वो. सख्खा भाऊ करणार न्हाई एवढी."

मी तिथंच बसलेला असायचो. चहा पीत.

दिलीपनं फॉर्मचा विषय परत कधी काढला नाही. गेल्या महिन्यात आत्याही गेली. आता मला जाब विचारणारं कुणी उरलं नाही, म्हणून आज ताईच्या स्मृतिदिनी लिहायचं धाडस झालं. म्हणजे हाही भित्रेपणाच.

मंगलताई, तुला नमस्कार.
माफ कर म्हणायला मला तोंड नाही.