दोषाचे धनी सुपडाबुवा

आमच्या गावात उन्हाला, पावसाला किंवा वाऱ्याला शिवी द्यायची सोय नव्हती. कुणी नुसतं "मेला पाऊस" म्हटलं आणि सुपडाबुवा जवळपास असले, की ते लगेच हात वर करायचे. "त्याले नको म्हणू. म्हणाचं त मले म्हण." आणि खरोखरच शिवी ऐकायला समोर उभे राहायचे. बोलणारा हसून पुढं जायचा. मी लग्न होऊन आले तेव्हा मला वाटलं, म्हातारा जरा सरकलेला दिसतो.

सुपडाबुवा गारपगारी होते. हा शब्द आता वऱ्हाडातल्या पोरांनाही माहीत नसतो, म्हणून सांगते. पिकावर गारा पडू नयेत यासाठी पूर्वी गावात एक नाथपंथी घर असायचं. आभाळाचा रंग बदलला की त्या घरातला माणूस मारुतीसमोर उभा राहून गळ्यातली हरणाच्या शिंगाची शिंगी फुंकायचा आणि गारा गावावरून टाळ म्हणून देवाला विनवायचा. त्याबद्दल सुगीला त्याला खळ्यावरून धान्य मिळायचं. गारा टाळल्या तर त्या दुसऱ्या गावावर जाणार, त्यांचं काय, असं मी एकदा बुवांना विचारलं होतं. "जंगलात पाड म्हणतो," ते म्हणाले. आमचं गाव संग्रामपूरच्या पुढं, सातपुड्याच्या पायथ्याशी, तेव्हा जंगलाला तोटा नव्हता.

बुवांच्या वडिलांनंतर हे सगळं बंद पडलं. हवामानाचा अंदाज मोबाईलवर यायला लागला, खळ्यावरचं धान्य थांबलं आणि बुवांकडं मारुतीच्या देवळाची झाडलोट आणि संध्याकाळचा दिवा तेवढा उरला. पोटापुरत्या शेळ्या होत्या. चष्म्याची एक काडी मोडलेली, तिथं दोरा बांधलेला. आभाळ भरून आलं की मात्र ते जिथं असतील तिथं चपला काढून उभे राहायचे, घरात कुणी मोठं माणूस यावं तसे.

माझं माहेर नांदुऱ्याचं. गाड्यांच्या वेळा मला पाठ होत्या, आभाळाच्या नव्हत्या. माघात माझं लग्न झालं आणि फाल्गुनात गारा पडल्या. मी मागच्या खोलीत गोधडी डोक्यावर घेऊन बसले होते आणि पत्र्यावरच्या आवाजात माझं रडणं मलाच ऐकू येत नव्हतं. बाहेर आले तर अंगण पांढरं झालेलं. सोंगणीला आलेला हरभरा मातीत गेला होता, गहू आडवा पडला होता आणि लिंबाखाली बगळे मरून पडले होते.

आधी लोक सुन्न होते. मग बोलायला लागले. देव कोपला, असं कुणीतरी म्हणालं. देव कोपला म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेलाच असतो, कुणामुळं? उत्तर माझ्या चुलतसासऱ्यांनी शोधून काढलं. यंदा गावात नवीन काय आलं होतं? तर मी. नव्या सुनेचा पायगुण! हे बोलणं नळावर गेलं, नळावरून घरात आलं आणि शेवटी सासूबाईंनी, ज्यांना मी आत्याबाई म्हणते, माझी पिशवी भरली. "थोडे दिवस माहेरी राह्य," त्या म्हणाल्या. असल्या थोड्या दिवसांसाठी परत आलेली एक बाई आमच्या गल्लीत केस पांढरे होईपर्यंत राहिलेली मी पाहिली होती. माझे यजमान तेव्हा जमिनीकडं असे बघत होते, जणू तिथंच काहीतरी उगवणार होतं.

पंचनाम्याला माणसं येणार म्हणून गाव देवळासमोर जमलं होतं. आमचं घर देवळाच्या बरोबर समोर. मी पिशवी घेऊन उंबऱ्यात उभी होते आणि नांदुऱ्यापर्यंत सोडायला येणाऱ्या गाडीची वाट बघत होते. चुलतसासरे पुन्हा पायगुणावर आले, मुद्दाम मला ऐकू जाईल अशा आवाजात. तेव्हा कपाळापर्यंत फडकं गुंडाळलेले सुपडाबुवा झाडू हातात घेऊनच देवळातून बाहेर आले.

"त्या पोरीचं नाव काऊन घेऊन राह्यले?" ते म्हणाले. "त्या दिवशी मी देवापाशी गेलोच नाही. आभाळ पाह्यलं, आन घरात जाऊन झोपलो. चूक माही आहे."

मग जो भडका उडाला तो विचारू नका. बुवा गारा थांबवू शकतात, यावर त्या गावात कुणाचाही विश्वास उरला नव्हता. पण बुवांनी गारा पडू दिल्या, यावर सगळ्यांचा विश्वास तिथल्या तिथं बसला. त्यांना धान्य देणं केव्हाच बंद केलेली माणसंसुद्धा त्यांना खाल्ल्या घरचे वासे मोजणारा म्हणाली. चुलतसासऱ्यांनी त्यांच्या हातातला झाडू काढून घेतला. यापुढं देवळाची पायरी चढायची नाही, दिवा दुसरं कुणी लावेल, असं ठरलं. बुवा मान खाली घालून ऐकत राहिले. माझं नाव पुन्हा कुणी काढलं नाही. आत्याबाई माझ्या मागं उभ्या होत्या, त्यांनी माझ्या हातातली पिशवी घेतली आणि आत नेऊन ठेवली.

काही दिवसांनी बुवा शेळ्या घेऊन जाताना बांधावर भेटले. माझ्यासाठी त्यांचा देव सुटला होता. खरंच झोपला होतात का, एवढंच विचारलं. झोपलो म्हणलं ना, असं म्हणून त्यांनी तो विषय संपवला. मग मी मनातलं विचारलं, "बुवा, गारा देव पाडतो का?"

"पाडत असता त आपल्या देवळाचे पत्रे त वाचवले असते. देवळाचे फुटले, मशिदीचेबी फुटले."

"मग कोण पाडतं?"

"ते मले ठाऊक नाही माय. बापालेबी नव्हतं." त्यांनी एका शेळीला बांधावरून खाली हाकललं. "पण बाप म्हणे, गारा टळल्या त देवानं टाळल्या. पडल्या त गारपगारी चुकला. देवाले दोष लागू द्याचा नाही, आन गावातल्या कोण्या गरिबालेबी लागू द्याचा नाही. लोकायले कोणी तरी लागतेच. त्याच्यासाठीच त गावानं आपल्याले पोसलं."

मला हे तेव्हाही पूर्ण पटलं नाही आणि आजही पटत नाही. देवाला सांभाळून घ्यायची काय गरज आहे? पीक त्याचं, आभाळ त्याचं, मग जाबही त्यालाच विचारावा, असं माझं मत आहे आणि मी देवघरासमोर बसून तो विचारतेही. पण जाब विचारायला मी या घरात राहिले ती बुवांमुळं. माझा संसार, माझ्या मुली, हे अंगण, सगळं त्यांनी त्या दिवशी मला दिलं. मी हे त्यांना एकदा बोलून दाखवलं, तर ते शेळीच्या पायातला काटा काढत बसले.

दिवा त्यांना परत कुणी दिला नाही. ते रस्त्यावरूनच मारुतीला हात जोडायचे आणि पुढं जायचे. पण माणूस कडवट झाला नाही. आत्याबाई सणावाराला पहिलं ताट त्यांच्याकडं पाठवायच्या आणि ते माझ्या मुलींना शिंगी फुंकायला शिकवायचे. एका वर्षी डोंगरातून पाणी आलं, नाल्याकाठची घरं भिजली आणि लोक पुन्हा कुणाचं पाप म्हणून शोधायला लागले. बुवा तेव्हा काठी टेकत पुढं झाले. "पूर माह्या खात्यात नाही," ते म्हणाले, "पण चालते. मलेच म्हणा." लोक हसले. हसल्यावर माणसाला शोधाशोध करवत नाही, आणि सगळे गाळ उपसायला लागले.

गेल्या हिवाळ्यात बुवा गेले, झोपेतच. नाथांच्या रीतीनं त्यांना बसवून नेत होते, कपाळाला भस्म, गळ्यात शिंगी. माणसं देवळासमोर थोडी थांबली. चुलतसासरे आता खूप थकले आहेत, त्यांनी ओट्यावरूनच हात जोडले. मी आणि आत्याबाई आमच्या दारात उभ्या होतो. माणसं पुढं गेल्यावरही आत्याबाई हलल्या नाहीत.

"खोटं बोलला तो," त्या म्हणाल्या.

"काय खोटं?" मी विचारलं.

"त्या दिवशी गारात तिथं मारुतीसमोर उभा होता. मी ह्या दाराच्या फटीतून पाह्यलं. कपाळातून रगत चाल्लं होतं, तरी शिंगी फुकून राह्यला होता."

"मग आत्याबाई, त्याच वेळी का नाही सांगितलंत?"

त्यांनी पदरानं डोळे पुसले. "सांगतलं असतं त तो सुटला असता," त्या म्हणाल्या, "आन तुले गाडीत बसवा लागलं असतं."