बाबांसाठी ठेवलेलं पाणी

एडिनबरात आमच्या फिलॉसॉफी डिपार्टमेंटची साफसफाई करणारी ती बाई क्यूबाची, सांतेरिया धर्माची. नुकतीच दीक्षा घेतली म्हणून वर्षभर डोक्यापासून पायापर्यंत पांढरे कपडे घालायची. माझ्या शेल्फवरची पुस्तकं पुसताना एकदा म्हणाली, "ऐका प्रोफेसर, तुमचे हे म्हातारे विचारतात, आत्मा असतो का. आम्ही विचारतो, त्याला तहान लागलीय का."

तिचं प्रत्येक वाक्य "ऐका प्रोफेसर"नं सुरू व्हायचं. स्टाफरूममध्ये मी तिची हुबेहूब नक्कल केली. सगळे हसले. नागपूरला आई पितृपक्षात आजोबांचं पान वाढते, हे मात्र मी तिथे कधी बोललो नाही.

मार्चमध्ये बाबा गेले. मला नागपूरला जाता आलं नाही. डिपार्टमेंटमध्ये सगळ्यांना कळलं. दुसऱ्या दिवशी माझ्या टेबलावर पाण्याचा भरलेला ग्लास होता.

"ऐका प्रोफेसर, हे वडिलांसाठी. राहू द्या इथेच."

अकराला विद्यार्थी यायचे होते. त्यांनी विचारलं तर काय सांगू, म्हणून मी ते पाणी बेसिनमध्ये ओतून दिलं.

संध्याकाळी तिनं रिकाम्या ग्लासकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"फारच तहान लागली होती त्यांना."

"हो," मी खाली बघत म्हणालो.

ती ग्लास पुन्हा भरून आणायला गेली.