आठाच्या जागी चार कड्या

रफिकमामांनी शेवटच्या केबिनवर ताडपत्री आवळली आणि हात झटकत म्हणाले, "संतू, ही आपल्या आधी परदेश बघणार बघ."

शिक्रापूरच्या आमच्या कारखान्यात तयार केबिन बनायच्या. भिंती, खिडक्या, वायरिंग, संडास, सगळं इथंच जोडलेलं. पण या सहा केबिन चौदा फूट रुंद होत्या, कुठल्याच कंटेनरमध्ये न मावणाऱ्या. म्हणून उघड्या फ्लॅट रॅकवर, म्हणजे बाजू नसलेल्या लोखंडी पाटावर बांधून त्या बोटीनं ओमानला जाणार होत्या. ट्रेलर हायवेला लागले तेव्हा पुढं एक माणूस बांबूनं विजेच्या तारा उचलत चालत होता. कोरेगाव भीमाच्या पुलावर तर सगळी वाहतूक थांबवावी लागली.

मी वेल्डर. दौंडचे मामा रिगर, जड माल बांधण्या-उचलण्यात उभी हयात गेलेले. बोट पोचली की आम्ही दोघांनी विमानानं जायचं आणि केबिन बसवून तीन महिन्यांत परत यायचं, असं ठरलं होतं. माझ्या बायकोला, मनीषाला, पाचवा महिना लागला होता. शिरूरच्या स्टँडवर माझे वडील, आप्पा, म्हणाले, "तीन महिनं म्हंजी शेवंतीचा एक बहार. जा. बाळंतपणाला माघारी येशील." मीही हसलो. तीन महिने कुणीही काढील, असं वाटलं होतं.

ओमानच्या बंदरावर पाच केबिन धड उतरल्या. सहावी पिळवटून गेली होती. दार लागेना, भिंतीचे दोन पॅनल फाटलेले. साइट मॅनेजरनं ड्रॉइंग पुढं टाकलं. त्यात केबिन पाटाला बांधण्यासाठी तळाला वेल्ड करायच्या आठ कड्या होत्या. या केबिनला चारच, म्हणून ती बोटीवर हलून पिळली होती.

त्या चार मी लावल्या होत्या. त्या दिवशी ट्रेलर गेटवर उभा होता, सगळे घाई करत होते. मामांनी बांधताना विचारलंही होतं, "बाकीच्या कड्या कुठं हायती रं?" मी म्हणालो होतो, "डिझाईन बदललंय, मामा." त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला.

"किसने बांधा?" मॅनेजरनं विचारलं.

"मैंने," मामा म्हणाले.

बाहेर आल्यावर त्यांनी मला विचारलं, "डिझाईन बदललंय म्हणून तुला कुणी सांगितलं?"

"सुपरवायझरनं."

"मग त्याचं तो बघंल," ते म्हणाले आणि विषय संपला. सुपरवायझरनं फोनवर हात वर केले. का नाही करणार? त्यानं तसं काही सांगितलंच नव्हतं.

पासपोर्ट पहिल्याच दिवशी मॅनेजरच्या कपाटात गेले होते. नवे पॅनल येऊन केबिन दुरुस्त झाल्याशिवाय दोघांनीही हलायचं नाही, असं त्यानं सुनावलं. पॅनल पुन्हा समुद्रानंच येणार. या बोटीत जागा नाही, पुढच्या बोटीत नक्की, असे निरोप येत राहिले. पाच केबिनमध्ये इंजिनियर राहायला आले. आम्हाला मिळाली तीच वाकडी. दार सुतळीनं बांधायचो, तरी वाळू ताटात यायची. बाहेर चारी बाजूंना सपाट माळ. कुलूप कुठंच नव्हतं, आणि जायलाही कुठं नव्हतं.

पाचव्या महिन्यात माझी मुलगी झाली. मी तिला फोनवर पाहिलं. मामांनी जवळचे खजूर सगळ्या साइटवर वाटले. त्याच महिन्याच्या शेवटी दौंडात त्यांच्या मुलीचा निकाह होता. त्यांनी मॅनेजरला दोनदा विनवलं. तो म्हणाला, "ज्यानं बांधलं तो जबाबदार." मग मामांनी विनवणं सोडलं. भिंतीकडं तोंड करून ते घरून आलेले कपड्यांचे फोटो बघत बसायचे आणि मला विचारायचे, "हा रंग बरा दिसतोय का रं?"

मी रोज ठरवायचो, आज सांगू. सांगितलं ते निकाहला तीन दिवस राहिले तेव्हा. आधी मॅनेजरला, मग मामांना.

"पाच म्हैनं एका ताटात जेवलो आपुन," मामा एवढंच म्हणाले. मॅनेजरनं त्यांचा पासपोर्ट दिला, पण तिकीट मिळालं चौथ्या दिवसाचं. मुलगी सासरी गेल्यावर बाप घरी पोचला. निघताना त्यांनी दारातून विचारलं, "आप्पांना काय द्यायचंय का?" मी नको म्हणालो. त्यांनी शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

पॅनल त्यानंतर तीन महिन्यांनी आले. केबिन मी एकट्यानं सरळ केली, पासपोर्ट परत मिळाला, आणि त्याच दिवशी मॅनेजरनं कायमची नोकरी देऊ केली. गावी सगळ्यांना वाटलं, पोरानं नशीब काढलं. खरं सांगायचं तर मामा शिक्रापूरला पुन्हा कामावर लागले होते. त्यांच्या शेजारी उभं राहायची माझी छाती नव्हती, म्हणून मी सही केली. आज पासपोर्ट माझ्याच बॅगेत असतो. तरी मला सुटल्यासारखं वाटत नाही.

पहिल्या सुट्टीत लेकीला कडेवर घेतलं तर ती रडून मनीषाकडं झेपावली. दुसऱ्या दिवशी मी दौंडला गेलो. रेल्वे कॉलनीमागं मामांचं घर. माहेरी आलेली त्यांची मुलगी दारात आली. मी नाव सांगितलं. ती आत गेली, थोड्या वेळानं परत आली आणि खाली बघत म्हणाली, "अब्बा घरात न्हाईत. ड्यूटीवर गेलेत."

उंबऱ्याशी मामांच्या चपला होत्या. त्या मी ओळखल्या. तिनंही माझी नजर कुठं गेली ते पाहिलं. "बरं," म्हणालो आणि वळलो.

आप्पा, तुम्ही दर वेळी विचारता, सुट्टी शिल्लक असताना का निघतोस. म्हणून हे लिहिलं. शिक्रापूरहून माझ्यामागं आलेल्या पोरांनीही वाचावं. त्यांना वाटतं, इथं अडकवतं ते परक्यांचं कपाट. गाव आठवलं की मला आधी तुमचं रान दिसतं, मनीषा दिसते, लेक दिसते, आणि मग दौंडचा तो उंबरा दिसतो. तो ओलांडता येत नाही तोवर मी शिरूरला येतो तो पाहुणा म्हणूनच.