आमची एअरलाइन

लंडनच्या एजवेअर भागातले आमचे शेजारी एका चिमुकल्या बेट-देशाच्या राष्ट्रीय एअरलाइनच्या इथल्या ऑफिसात आहेत. त्यांच्याकडे चहाला गेलं की त्या एअरलाइनचा इतिहास ऐकावाच लागतो. "उसन्या आणलेल्या एका विमानावर आम्ही सुरुवात केली," असं ते छाती फुगवून सांगतात. तेव्हा हे गृहस्थ पुण्यात शाळेत जात होते.

त्यांच्याच आग्रहाने समोरच्या काकूंनी, भाऊ अत्यवस्थ असताना, त्या एअरलाइनचं, बेटावर विमान बदलून जायचं, मुंबईचं तिकीट काढलं. काकू प्रवासात होत्या त्या रविवारी मी शेजाऱ्यांकडेच बसले होते. काकूंचा बेटावरून फोन आला, तो शेजाऱ्यांनी स्पीकरवर घेतला. तिथून पुढची मुंबईची फ्लाइट रद्द झाली होती आणि तिथे कोणी काही सांगत नव्हतं.

"अहो, तुम्हीच काहीतरी करा ना," काकू रडत होत्या.

काकूंशी एरवी मराठीतच बोलणारे हे गृहस्थ एकदम ताठ बसले. "मॅडम, प्लीज कॉल कस्टमर सर्व्हिस," म्हणाले आणि फोन ठेवला.

मग माझ्याकडे वळून हसले. "तर आमचं दुसरं विमान आलं ना, तेव्हा..."

मी चहा तसाच ठेवून उठले आणि त्यांच्या दारातूनच फोन लावला.

"काकू, मी बोलतेय. रडू नका, दुसरं तिकीट बघते."