गोविंदमामांची सात गोळ्यांची कार्बाइन

किस्से कोणी मुद्दाम जमवत नाही. घरात एक अस्वस्थ माणूस असला की ते आपोआप साठतात. अण्णा नगरातले माझे घरमालक गोविंदमामा तसे आहेत. तंजावरचं मराठी घराणं, बँकेतून रिटायर, वय ऐंशी आणि कपाटात पणजोबांची कार्बाइन! घोडेस्वारांची ही आखूड बंदूक. दस्त्यात सात गोळ्या, खालची लीव्हर ओढली की पुढची गोळी चढते. इतकी शाबूत आता औषधालाही सापडत नाही. मुलगा अमेरिकेत, त्याला ती नको. "माझ्यामागं हिचं का होणार?" हे मामा त्यांच्या तंजावरी मराठीत दर दहा मिनिटांनी विचारतात. तिकडे 'काय'चं 'का' होतं.

*

दर रविवारी तांबरमहून घाटगेकाका येतात. मूळचे कोल्हापूरचे, एअरफोर्समधून रिटायर, एकटे राहतात आणि जुन्या बंदुका जमवतात. अकरा वर्षं त्यांचा एकच प्रश्न.

"मामा, देताय का?"

"अय्यो, नाही हो!"

मग कॉफी. एकदा काकांना ताप होता, आले नाहीत. मामांनी गेटपर्यंत वीस फेऱ्या मारल्या आणि शेवटी मला म्हणाले, "फोन करून विचारा की! आज त्यांना बंदूक नको का?"

*

निवडणूक आली की लायसन्सच्या बंदुका पोलीस स्टेशनात जमा कराव्या लागतात. मामा तिथे काकुळतीला आले. "सार, हिच्या गोळ्या आता जगात कुठे मिळत नाहीत!"

हवालदार शांतपणे नंबराची चिठ्ठी बांधत होता. म्हणाला, "ते समोरच्याला कुठे माहीत असतं, सार?"

*

ती तिकडे होती तोवर मामांना अन्न गोड लागेना. दमट हवा, गंज चढला तर? रोज सकाळी तेलाची बाटली आणि मलमलीचा तुकडा घेऊन स्टेशनात हजर! पाचव्या दिवशी इन्स्पेक्टरांनी हात जोडले. "पेशंटची तब्येत उत्तम आहे. भेटीची वेळ संपली!"

*

आयुधपूजेला इथे घरातलं प्रत्येक अवजार, अगदी माझी स्कूटरसुद्धा, धुऊनपुसून गंध लावून पुजतात. एका वर्षी कमलामामींनी कार्बाइनची नळीही काथ्याने घासायला घेतली. तेवढ्यात काका आले आणि दारातच ओरडले, "मामी, थांबा! दीडशे वर्षांचा रंग गेला!"

जुन्या लोखंडावरचा तो तपकिरी रंग गेला की वस्तूची किंमतच जाते. मामींना कुठलं ठाऊक असणार! कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "दीडशे वर्षं कोणीच घासलं नाही?"

*

गेल्या महिन्यात मामा चक्कर येऊन पडले. थोडक्यात निभावलं, पण दुसऱ्याच दिवशी त्यांनी कार्बाइन काकांच्या नावावर करायचा अर्ज दिला. पैसे नकोत म्हणाले. परवानगीचा कागद आला, त्या रविवारी मामा एका जागी बसेनात. कपाट उघडायचे, लावायचे. शेवटी बंदूक मलमलीत गुंडाळून स्वतःच काकांच्या मांडीवर ठेवली.

"सरि, ठीक झालं," मामा हसत म्हणाले, "आता रविवारची तुमची धावपळ संपली." आणि त्यांचे डोळे भरून आले. मला तर कुठे बघावं कळेना.

काकांनी लीव्हर एकदा हलकेच ओढली. मग चष्मा लावून कागद बराच वेळ वाचला.

"मामा, यावर एक सही राहिलीय. तोवर राहू दे तुमच्याकडेच."

ऐंशी वर्षांचा माणूस ती उचलून जवळजवळ पळतच कपाटाकडे गेला!

मामींनी कॉफी आणली, तेव्हा टंबलर ठेवायला जागा करावी म्हणून मी टेबलावरचा कागद उचलला. सह्या, शिक्के, सगळं जागच्या जागी होतं. काकांनी तो माझ्या हातातून काढून घेतला आणि घडी घालून खिशात टाकला.

पुढच्या रविवारी सकाळी बेल वाजली. दार मामांनीच उघडलं.

"मामा, देताय का?"

"अय्यो, नाही हो!"